दोन टिंबांची सही

माझी सही माझ्या नवऱ्याने बनवली. खोटी केली असं म्हणत नाही. शिंपी मापं घेऊन ब्लाउज बेततो, तशी त्याने ती माझ्यासाठी बसून बेतली.

त्याआधी मला सही अशी नव्हतीच. बँकेत, मुलीच्या प्रगतिपुस्तकावर, गॅसच्या पावतीवर मी माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, तिसरीतल्या बाईंनी शिकवलं होतं तसं एकेक अक्षर सुटं काढून लिहायचे. काना, मात्रा, वेलांटी, मग वरची रेघ. मागे रांग असली की लोक उसासे टाकायचे. मला त्याची लाज वाटत नव्हती, उलट अक्षर चांगलं आहे म्हणून थोडा गर्वच होता.

नवऱ्याने पक्षासाठी बारा वर्षं सतरंज्या उचलल्या होत्या. पोस्टर लावणं, सभेला माणसं नेणं, साहेबांच्या गाडीसमोर नारळ फोडणं, सगळं करून झालं होतं आणि यंदा तिकीट नक्की असं सगळा पाडा म्हणत होता. मग सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा कोणी गेल्यासारखा चेहरा होता. मी चहा ठेवला. कप हातात देईपर्यंत तो माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी विचारलं ते एवढंच, की साखर कमी झाली का.

निवडून आले. लोकांनी मत मला दिलं की त्याला की सासऱ्यांच्या नावाला, ते देव जाणे. सासरे जुन्या पाड्यातले, मिठागरात उभा जन्म गेलेला माणूस. त्यांना सगळे मानायचे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी नवरा कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन घेऊन बसला.

"ही शाळेतली सही आता चालायची नाय," तो म्हणाला. "नगरसेविका आहेस तू. झोकात पायजे."

त्याने पाच-सहा पत्रिका भरल्या. शेवटी एक जमली. नावाचं पहिलं अक्षर मोठं, त्यातूनच निघालेली आडनावाची एक लाट, खाली डावीकडून उजवीकडे ओढलेली रेघ, आणि रेघेखाली दोन टिंबं.

"टिंबं कशाला?"

"वजन येतं."

आठ दिवस मी वहीत ती गिरवली. खरं सांगायचं तर आवडली मला. इतक्या वर्षांत त्याने माझ्यासाठी बसून काही केलं होतं ते हेच. फक्त दुसरं टिंब माझ्याकडून राहायचं. लाट काढली, रेघ ओढली, एक टिंब दिलं की माझा हात उचलला जायचाच. "दुसरं टिंब राहिलं," तो म्हणायचा, भाजीत मीठ राहिलं म्हणावं तसं. मग मी ते नंतर देऊन टाकायचे. बहुतेक वेळा विसरायचेच.

घराची पुढची खोली जनसंपर्क कार्यालय झाली. माझं नाव असलेलं लेटरहेड छापून आलं. सकाळपासून माणसं यायची. रहिवासाचं पत्र हवं, शाळेच्या प्रवेशासाठी शिफारस हवी, नळजोडणीचा अर्ज. मी स्वयंपाकघरात असायचे. नवरा पत्र लिहायचा, "ताईंची सही आणतो" म्हणून आत यायचा, आणि मधल्या बोळात वॉशिंग मशीनच्या झाकणावर कागद ठेवून स्वतःच सही करायचा. दोन मिनिटं तिथे उभा राहायचा, म्हणजे बाहेरच्यांना वाटावं की ताई वाचून बघतायत. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी पोळी लाटायची थांबले आणि हसत सुटले. तोही हसला. "सही तुझीच गं," म्हणाला, "हात तेवढा माझा."

वर्षभराने त्याने बोळात यायचंही सोडलं. बाहेर बसूनच सही करायचा, लोकांसमोर, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं. हे मी लपवणार नाही, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा एवढा तरी आहेच.

सभागृहात मात्र हजेरीच्या रजिस्टरवर मलाच सही करावी लागे. तिथे मी शिकले. आधी नुसतीच बसायचे, गटनेता हात वर करील तेव्हा हात वर करायचा. गटनेता म्हणजे सभागृहातला आमच्या पक्षाचा म्होरक्या. त्याचा हात वर गेला की आमचे सगळे हात वर, जसे काही दोरीनेच बांधलेले. हळूहळू मी विषयपत्रिका वाचायला लागले. घरी भाकऱ्या झाल्या की ओट्याशीच उभी राहून वाचायचे. पहिला विषय ते शेवटचा, आयत्या वेळचे सोडून. नवरा चिडवायचा, "परीक्षा आहे काय?"

अशाच एका विषयपत्रिकेत आमचं स्मशान निघालं.

पाड्याचं जुनं स्मशान मिठागराच्या बांधाला लागून आहे. पत्र्याची शेड, दोन लोखंडी चौथरे, एक हातपंप, आणि ते सांभाळणारा एक म्हातारा, ज्याची खोपी कुंपणालाच टेकलेली. माझे सासरे तिथेच गेले. त्यांचे वडील तिथेच. मिठागरं बंद पडली, शेतं बिल्डरांना गेली, पाड्याच्या चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले. आमचं म्हणावं असं जे काही उरलं होतं त्यात ती जागा होती. तिथे कुणी आम्हाला विचारत नसे की तुम्ही इथे काय करताय.

टॉवरमधल्या लोकांची तक्रार होती. एक बाई माझ्याकडे आली होती, कडेवर तान्हं मूल. "मॅडम, बालकनी में राख आती है. बच्चे के कपड़े सुखाऊँ कैसे?" मी तिच्यावर चिडले नाही. राख उडते, वारा खाडीकडून असला की उडतेच. मी तिला म्हटलं, उंच चिमणी बसवून घेऊ, मागणी लावते. मी लावलीही. दोनदा. पण विषयपत्रिकेत चिमणीचं नाव नव्हतं. स्मशान बंद करावं, जागेवरचं स्मशानाचं आरक्षण उठवावं आणि पाड्याने रेल्वेच्या पलीकडची विद्युतदाहिनी वापरावी, असा ठराव होता. मांडणारा आमचाच पक्ष. आरक्षण उठलं की शेजारच्या टॉवरवाल्याला ती जागा कुंपण सरकवून घेता येणार होती, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

मी गटनेत्याला फोन केला. तो गोड बोलला. "ताई, भावनेचा विषय आहे, समजतो. पण वरून ठरलंय." मग नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, "माणूस मेल्यावर त्याला काय कळतंय, रेल्वेच्या अलीकडे का पलीकडे?" स्वतःच्या बापाला त्याने तिथेच अग्नी दिला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, तर तो टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

पक्षातले आणखी दोघं नाराज होते. एक चार वेळा निवडून आलेले वयस्क काका, आणि एक तरुण शिक्षिका, जिचं माहेर आमच्याच पाड्यातलं. आम्ही गावदेवीच्या देवळामागे भेटलो. काकांनी आम्हा दोघींना व्हीप म्हणजे काय ते नीट सांगितलं. पक्षाचा लेखी आदेश असतो. तो हातात घेऊन पोच दिली आणि विरुद्ध मत टाकलं, की पद गेलं, वर सहा वर्षं निवडणूक बंद. हातात मिळाला नाही तर ते दारावर चिकटवतात, फोटो काढतात; पण चिकटवलेल्यावर वकील भांडू शकतात. सहीची पोच असली की भांडायला काही उरत नाही.

"म्हणून महासभेआधी दोन दिवस घरी राहू नका," काका म्हणाले. "कुठे आहात ते सांगू नका. आणि नंतरही घरात विचारू नका की पाकीट आलेलं का. आपल्याला माहीतच नाही, असं शपथेवर खरं खरं सांगता आलं पाहिजे."

मी भाईंदर पश्चिमेला बहिणीकडे गेले. नवऱ्याला म्हटलं, तिला बरं नाही. तो माझी बॅग बघत होता.

"महासभेला येशील ना?"

"येणार की."

"मग बरं," तो म्हणाला आणि परत फोनवर बोलायला लागला.

बहिणीच्या घराजवळ बाजारात अंत्यविधीचं सामान विकणारं दुकान आहे. बांबू, पांढरं कापड, गवऱ्या, मडकी. प्रेतयात्रेपुढे जे मडकं धरतात तसलं मला हवं होतं. सभागृहात भाषण करून काही होणार नाही हे मला कळत होतं. तो दुकानदार सरावाचा, मान वर न करता त्याने विचारलं, "पुरुष की बाई?" सामान वेगवेगळं असतं ना.

"बाई," मी म्हटलं.

"सवाष्ण?"

"हो."

त्याने हिरवं कापड काढायला घेतलं. मी म्हटलं, फक्त मडकं द्या. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

महासभेच्या दिवशी मी ते कापडी पिशवीत घालून, वर साडीचा पदर टाकून आत नेलं. स्मशानाचा विषय पुकारला गेला तसे आम्ही तिघं उठलो आणि महापौरांच्या मंचासमोर जमिनीवर जाऊन बसलो. आपलाच पक्ष, आपलाच महापौर. मागून आमच्याच बाकांवरून ओरडा सुरू झाला. "ताई, जागेवर बसा!" "कुणाच्या तिकिटावर आलात?" काकांनी घोषणा द्यायला तोंड उघडलं, पण त्यांचा आवाज बसला. मी पिशवीतून मडकं काढलं, उठले आणि महापौरांच्या टेबलावर ठेवलं, फायलींच्या मधोमध.

टेबलावर चपला आपटलेल्या, माइक फेकलेले त्या सभागृहाने बघितले होते, पण ते मडकं बघून महापौर खुर्चीसकट मागे सरकले. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपाई पुढे आला, मडक्याकडे बघितलं आणि हात मागे बांधून उभा राहिला. दुसरा आला, तोही तसाच. ते कुणीच उचलेना. शेवटी मडकं तिथेच ठेवून मतदान घ्यावं लागलं. मी विरोधात हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्या हाताकडे न बघता वर गेला होता. ठराव एका मताने पडला. विरोधी पक्षाने बाकं वाजवली. त्यांना आमच्या स्मशानाशी काही देणंघेणं नव्हतं, आमची फजिती झाली याचाच आनंद होता. मला मात्र रडू आलं. आनंदाचंच होतं ते.

बाहेर पडताना गटनेता जवळ आला. रागावलेला नव्हता. "ताई, व्हीप मिळाला होता ना?"

"नाही."

"नक्की?"

"मी घरीच नव्हते."

"बरं," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्याकडे मी लक्ष दिलं नाही.

घरी सासू उंबऱ्यातच बसली होती. टीव्हीवर तिने सगळं बघितलं होतं. "नवरा जिता हाय ना तुजा?" ती ओरडली. "आन बाईमानसानं मडका धरला! आमच्यात असा कदी जाला न्हाय." मला पायरीवरच थांबवून तिने अंगावर पाणी टाकलं. मग पदराने माझं तोंड पुसता पुसता आवाज खाली आणून म्हणाली, "मना तितंच न्या गो. तुज्या सासऱ्याचे बाजूला. येवढा कर."

नवरा जेवत होता. "टीव्हीवर चांगली दिसत होतीस," एवढंच म्हणाला. मी पाकिटाबद्दल विचारलं नाही. काकांनी सांगितलं होतं ना, विचारायचं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पुढचे दोन महिने आम्ही दोघं त्या पाकिटाभोवती वावरलो आणि त्याने मला ताकास तूर लागू दिली नाही.

मग नोटीस आली. पक्षादेश धुडकावल्याबद्दल आम्हा तिघांचं पद रद्द करावं, असा पक्षाचा अर्ज. माझ्या वकिलाने आपल्या ऑफिसात कागदांची प्रत माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, तुम्ही तर म्हणाला होतात पोच नाही."

व्हीपच्या पोचपावतीवर माझी सही होती. पहिलं अक्षर, लाट, रेघ. आणि रेघेखाली दोन टिंबं, दोन्ही शाबूत, एका अंतरावर. माझ्याने इतकं नीट कधी जमलं नव्हतं.

घरी आले. नवरा पुढच्या खोलीत कुणाचं तरी पत्र लिहीत होता. मी त्या माणसाला उद्या यायला सांगितलं आणि दार लावलं.

"व्हीपवर सही तुम्ही केलीत?"

"कुठला व्हीप?"

मी प्रत दाखवली. त्याने चष्मा लावून बघितली. "असंल. पाकीट घेऊन माणूस आला, म्हणाला ताईंची सही पायजे. केली. रोज करतो तशी."

"पाकिटावर पक्षाचं चिन्ह असेल ना."

"रोजच असतं."

"आत काय आहे ते बघितलं नाहीत?"

"तू कधी बघितलंस, मी कशाकशावर सह्या करतोय?"

तो सवयीने करून बसला की त्याला कुणी करायला सांगितली, हे मी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि मला ओळखता आलं नाही.

वकील म्हणाला, घाबरू नका. सुनावणीत विचारतील, सही तुमची का? तुम्ही म्हणा, नाही. कुणाची ते सांगायची गरज नाही. आपण अक्षरतज्ज्ञ मागू. मी घरी आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं. "नाही. ही सही माझी नाही." सोपं वाक्य होतं.

सुनावणी एका सरकारी कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर झाली. शपथ झाली. पक्षाचा वकील माझ्या मुलीच्या वयाचा, अतिशय नम्र. त्याने पोचपावती दाखवायच्या आधी एक फाइल उघडली आणि माझ्या लेटरहेडवरची पत्रं टेबलावर एकेक मांडत गेला, पत्ते मांडावेत तशी.

"मॅडम, ही पत्रं आपण दिलीत?"

मी वाकून बघितलं. मिठागराच्या कडेच्या वस्तीतल्या बायकांची रहिवासपत्रं, ज्यांच्यावर त्यांना रेशनकार्डं मिळाली होती. पोरांच्या शाळाप्रवेशाची पत्रं. एका विधवेच्या पेन्शनचं. आणि सगळ्यात शेवटी स्मशान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याचं, की हा इसम इतकी वर्षं इथेच राहतो आणि काम करतो. त्या कागदावर त्याची खोपी उभी होती. सगळ्यांवर दोन दोन टिंबं. एकही सही माझ्या हातची नव्हती.

"आणि ही," त्याने पोचपावती त्या रांगेत शेवटी ठेवली. "बघा मॅडम, सगळ्या एकाच हातच्या वाटतात. ही आपली नसेल तर साहजिकच यातली कुठलीच आपली नाही. मग ही पत्रं बनावट ठरतील. ज्यांनी ती वापरली त्यांची चौकशी लागेल. बनवणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल. आपण सांगाल तसं."

माझा वकील उठून काहीतरी हरकत घेत होता, मला ऐकू येत नव्हतं. मी म्हाताऱ्याच्या पत्राकडे बघत होते. तो पत्र न्यायला आला होता तेव्हा मी त्याला चहा दिलेला मला आठवत होता. मी आत चहा करत होते, बाहेर सही होत होती. नवऱ्याचा विचार मनात आला नाही असं नाही. त्याच्या हातात बेडी पडलेली मला दिसली आणि क्षणभर, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण त्याच्यामागे रांगेने ती सगळी माणसं उभी होती.

"मॅडम, सही आपली?"

"माझी आहे."

"सगळ्या?"

"सगळ्या माझ्याच."

पद गेलं. शिक्षिकेच्या दारावर चिकटवलेला व्हीप वकिलाने खोडून काढला, तिचं वाचलं. काकांनी पक्षाला माफीचं पत्र दिलं, त्यांचंही वाचलं. मी एकटी घरी बसले. स्मशानाचा ठराव पुन्हा आला तेव्हा काकांनी बाजूने हात वर केला आणि तो मंजूर झाला. मला त्यांचा राग आला, मग राहिला नाही. त्यांना आणखी एकदा निवडून यायचं होतं.

फाटकाला कुलूप लागलं. म्हाताऱ्याची खोपी तेवढी कागदामुळे राहिली, पण आता तो कुणासाठी तिथे राहतो ते त्यालाच माहीत. सासू पुढच्या वर्षी गेली. शववाहिनीने तिला रेल्वेच्या पलीकडे नेलं. तिथे नंबर होता. आम्ही फायबरच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. तिचा नंबर लागला, तिला त्या लोखंडी दारातून आत ढकललं आणि दार बंद झालं. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि मला ती देता आली नाही. हे मला अजून रोज टोचतं, आणि टोचत राहो.

पुढच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड खुला झाला. तिकीट नवऱ्याला मिळालं. मला पेढा देताना त्याची नजर क्षणभर खाली गेली, आणि इतक्या वर्षांत जे ओळखता आलं नव्हतं ते मी तेव्हा ओळखलं. व्हीपवरची ती सही सवयीने झालेली नव्हती. पेढा देवापुढे ठेवला.

दोन दिवसांनी त्याच्या उमेदवारी अर्जाची प्रत टेबलावर दिसली. सूचक म्हणून माझं नाव होतं. पुढे सही होती. लाट, रेघ, दोन टिंबं.

"मला विचारलं नाहीत."

"घाई होती गं. तू काय नाही म्हणणार होतीस?"

दुसऱ्या दिवशी अर्जांची छाननी होती. मी एकटी रिक्षाने गेले. सूचकाची सही खरी नसली तर अर्ज बाद होतो, एवढं मी सभागृहात शिकले होते. माझा नंबर आल्यावर मी निवडणूक अधिकाऱ्यापुढे उभी राहिले आणि आरशासमोर पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "ही सही माझी नाही." आवाज स्वच्छ निघाला. नवरा दोन खुर्च्या सोडून बसला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझी भीती वाटली होती, आणि मला ते आवडलं.

मग त्याच्या शेजारचा तो नम्र वकील उठला. त्याने एक निकालपत्र पुढे ठेवलं. माझ्या सुनावणीचं. शपथेवरचं माझं म्हणणं त्यात ओळीने टाइप केलेलं होतं, आणि सोबत त्या सगळ्या सह्यांच्या प्रती. अधिकाऱ्याने अर्जावरची सही त्यांच्याशी ताडून बघितली. मग माझ्याकडे कोरा कागद सरकवला. मी त्यावर माझं नाव लिहिलं, तिसरीतल्या बाईंनी शिकवलं तसं, एकेक अक्षर सुटं, वर रेघ मारून. त्यांनी ते बघितलं, निकालपत्र बघितलं आणि मान हलवली.

"मॅडम, ही जुळत नाही. ती जुळते. आणि ती आपली असल्याचं आपणच शपथेवर सांगितलेलं आहे."

हरकत फेटाळली. अर्ज वैध. नवऱ्याने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. कारकुनाने रजिस्टर माझ्यापुढे केलं, हरकत फेटाळल्याचं समजलं म्हणून सही करायची होती. मी पेन घेतलं आणि पुन्हा नावाचं पहिलं अक्षर काढायला लागले.

"अशी नको मॅडम," कारकून समजुतीने म्हणाला, "नेहमीची करा. रेकॉर्डला आहे ती."

मागे रांग लागली होती. कुणीतरी उसासा टाकला. मी ते अक्षर खोडलं आणि खाली सही केली. लाट काढली, रेघ ओढली, एक टिंब दिलं. हात उचलला नाही. दुसरंही दिलं.